इलिंकाच्या नावाचा कोलीवा

याश, ११ फेब्रुवारी

झांफिरा आत्या,

तुझं पार्सल तोदेरच्या बसने शनिवारी मिळालं. मुरंब्याची एक बाटली फुटली होती, दोन शाबूत आहेत. लोकरी मोजे मापाचे आहेत. सध्या एकच घालता येतो.

मी फोन का करत नाही असं तू विचारलंस. या वॉर्डात माझ्याखेरीज पाच जणी आहेत आणि नऊ कान. (स्तेलुत्साबाईंना डाव्या कानाने ऐकू येत नाही.) पत्र बरं.

पायाबद्दल. पुलाच्या कामावर खांबावरून पडले तेव्हा नडगीचा जो तुकडा चुरडला, तो काढून टाकला आहे. आता पायाभोवती चार लोखंडी कड्या आहेत आणि त्यांतून हाडात तारा गेल्या आहेत. दिवसातून चार वेळा मी स्वतः पाना घेऊन नट पाव फेरा फिरवते. त्याने हाड रोज एक मिलिमीटर वाढतं. बावन्न वाढायचं आहे, अकरा झालं. इटलीला आईला मी एवढंच कळवलं आहे की ठीक चाललंय. तूही तेच सांग. ती तिथे दुसऱ्यांचे म्हातारे सांभाळते, तिला सुट्टी मिळणार नाही आणि झोपही लागणार नाही.

आता एक काम. शेजारच्या खाटेवर तुदोसिया नावाच्या बाई आहेत, वय एकसष्ट. २६ जानेवारीला लाकडांची घोडागाडी उलटली. नवरा, गाव्रिल, जागीच गेला. यांचा खुबा आणि उजवं मनगट मोडलं. त्याला पुरलं तेव्हा या इथे बेशुद्ध होत्या. मूलबाळ नाही. भाची रविवारी येते आणि म्हणते, देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा घेतो. मग तुदोसियाबाई भिंतीकडे तोंड करतात. भाची गेल्यावरही तोंड वळत नाही. त्या जेवत नाहीत.

गावात कुणाकडे दुःख झालं की तू जातेस. अशा वेळी नेमकं काय बोलायचं असतं? दोन-तीन वाक्यं लिहून पाठव. पाठ करेन.

इलिंका

*

पोयाना, १४ फेब्रुवारी

इलिंका पोरी,

दोन-तीन वाक्यं! तू काय पंपाची माहितीपुस्तिका मागवलीस का गं?

ऐक. तुझा नेकुलाई काका गेला तेव्हा माझ्याकडे अशी वाक्यं घेऊन अख्खं गाव आलं होतं. कासांद्रा म्हणाली, "देव बागेतली चांगली फुलंच आधी खुडतो." मी म्हटलं, "मग देवाने स्वतःची बाग लावावी, माझ्या अंगणात काय काम त्याचं?" ती क्रूसाची खूण करत पळाली. आणि मी घरात येऊन देवाची प्रतिमा उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. अकरा महिने! हे कुणालाही माहीत नाही, पाद्र्यालासुद्धा नाही.

एकट्या अंगेलिनाला माहीत होतं. ती रोज सकाळी यायची, शेगडी पेटवायची, बटाटे सोलायची, माझ्यासमोर बसून खायची आणि जायची. तोंडातून शब्द नाही. एवढी बडबडी बाई, पण गप्प! एक दिवस तिने विचारलं, "मीठ कुठंय?" मी म्हटलं, "प्रतिमेमागे." तिने प्रतिमा सरळ केली, मीठ घेतलं, बटाट्यावर घातलं. मी प्रतिमा परत फिरवली नाही.

विश्वास म्हणजे काय ते मला तुझ्यासारखं मोजून सांगता येणार नाही. मला इतकंच उमगलं, की मी त्याच्याकडे पाठ केली होती तेव्हाही माझ्या घरची शेगडी रोज पेटत होती. आणि ती मी पेटवत नव्हते.

म्हणून तू बोलू नकोस. तिच्याजवळ राहा. तुला उठून पळताही येत नाही, म्हणजे देवाने सोय चांगली केलीय.

मुरंबा दे तिला. आणि पायाबद्दल खरं लिहीत जा.

तुझी आत्या झांफिरा

*

याश, २० फेब्रुवारी

झांफिरा आत्या,

तुझ्या सूचनेप्रमाणे पाच दिवस गप्प राहिले. या कामाचा मला आधीचा अनुभव आहे. फरक दिसत नाही.

रोज दुपारी मुरंब्याची बशी आणि चमचा त्यांच्या कपाटावर ठेवते. संध्याकाळी उचलते. काल चमच्याची जागा बदललेली होती. ती सफाईवालीनेही बदलली असेल.

डॉक्टर काल त्यांच्या भाचीला सांगत होते ते सगळ्यांनी ऐकलं. वजन चव्वेचाळीस किलो. खुब्याचं दुसरं ऑपरेशन करायचं आहे, पण रक्तात जीव नाही. १२ मार्चपर्यंत खाऊन अंगात काही आलं तर करू, नाहीतर घरी न्या. घरी म्हणजे खाटेवर, कायमचं. तुदोसियाबाईंनी हेही ऐकलं. त्या म्हणाल्या, "खिडकी लावा, वारा येतोय." या आठवड्यातलं ते एकमेव वाक्य.

पूल असता तर मला कळलं असतं. भार कुठून येतो, कशातून जमिनीत उतरतो, ते काढता येतं. इथे भार दिसतो, तो उतरायची जागा दिसत नाही. तू म्हणशील, ती जागा देव. असेल. मला नकाशावर ती दाखवता येत नाही, म्हणून त्यांना काही सांगतही नाही.

माझा पाय ठीक.

इलिंका

*

पोयाना, २७ फेब्रुवारी

पोरी,

ठीक, ठीक! तुझा बाप, देव त्याला क्षमा करो, बर्फावर पडून तीन बरगड्या मोडून घेऊन आला तेव्हाही दारात उभा राहून हेच म्हणाला होता.

बशी ठेवत राहा. चमचा हललाय ना? मग तो तिनेच हलवला. सफाईवाल्या बायका चमचे हलवत नाहीत, ढापतात.

येत्या शनिवारी मृतांचा शनिवार. मी पाद्र्याकडे नावांची चिठ्ठी देणार आहे. जिवंतांच्या बाजूला, आरोग्य मागायला, तू आणि तुझी तुदोसिया, निजलेल्यांच्या बाजूला नेकुलाई, तुझा बाप आणि तिचा गाव्रिल. तिला सांग, इथे एक अनोळखी म्हातारी तिच्या नवऱ्याचं नाव चर्चमध्ये वाचून घेणार आहे. किंवा नको सांगूस, तुला जमेल तसं.

अक्षर वाकडं आहे कारण माझ्या चष्म्यावर कोंबडी बसली. हसू नकोस. अंडंही दिलं नाही वर.

झांफिरा

*

याश, ४ मार्च

आत्या,

काल संध्याकाळी गावाहून कासांद्राबाईंचा फोन आला. मी "हॅलो, इलिंका बोलतेय" म्हटलं. त्या किंचाळल्या आणि फोन बंद झाला. मी उलट केला तर कुणी उचलला नाही. आज सकाळी यॉर्गू लोहारांच्या नंबरवरून आला. त्यांनी माझा आवाज ऐकला, "येशू!" म्हणाले आणि ठेवला.

घरी काही झालंय का? लगेच कळव. तोदेरकडे चिठ्ठी दे.

इलिंका

*

पोयाना, ५ मार्च

इलिंका, माझ्या जिवंत पोरी,

आधी बस. बसलेलीच आहेस म्हणा. रागावू नकोस.

चिठ्ठी मी चष्म्याविना लिहिली. बाजू उलटी झाली. शनिवारी पाद्री स्पिरिदोन निजलेल्यांची नावं वाचायला लागला आणि त्यात वाचलं इलिंका, तुदोसिया. त्याला येऊन दोनच महिने झालेत, त्याला काय माहीत कोण इलिंका! मी असते तर तिथेच ओरडले असते, पण मी अंगणात बायकांसाठी चहा उकळत होते. आतल्या सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. इस्पितळात पडलेली इलिंका गावाला एकच माहीत. झालं!

रविवारी एकेक जण यायला लागली, मला मिठी मारून रडायला लागली. मला वाटलं, चष्म्याचं कळलं वाटतं. कासांद्रा म्हणाली, "धीर धर झांफिरा, ती आता चांगल्या जागी आहे." मी म्हटलं, "कसलं चांगलं! जेवण इतकं वाईट आहे तिथलं." तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं हिचंच काही बिघडलंय. घरी जाऊन तिने तुझा नंबर लावला, फोन कुणी नातेवाईक उचलेल, दोन शब्द बोलू म्हणून. आणि उचललास तू! बाई अजून झोपून आहे. यॉर्गू म्हणाला, "बायकांचं काही खरं नसतं, मी बघतो." मग त्याचंही तेच झालं.

सोमवारी सकाळी, तिसरा दिवस म्हणून, अंगेलिना मेणबत्त्या आणि ताट घेऊन दारात उभी. तिच्या हातचा मृतांसाठीचा कोलीवा, गहू मोत्यासारखा शिजलेला, वर साखरेचा थर आणि त्यावर चांदीच्या साखरदाण्यांनी तुझं नाव. तेव्हा कुठे मला उमगलं. मी म्हटलं, "अगं ती जिवंत आहे!" अंगेलिना म्हणाली, "देवापाशी सगळेच जिवंत आहेत." मी म्हटलं, "तशी नाही गं, याशमध्ये!"

ताट हातात धरून आम्ही दोघी दारातच हसत बसलो. मग मी रडले. चांगलीच रडले. कारण तेवढ्या वेळात मला दिसलं, की खरंच असं झालं असतं तर.

एक सांगू? सगळे तुझ्याबद्दल काय बोलत होते ते आता माझ्याकडे आहे. यॉर्गू म्हणाला, "पोरीने माझ्या फाटकाचा कोन मोजून बिजागरी हलवायला सांगितली, तेव्हापासून ते कुरकुरलं नाही. हसायची नाही, पण काम चोख." कासांद्रासुद्धा रडली तुझ्यासाठी, जिच्या भिंतीला तू वाकडी म्हणाली होतीस. तुझ्याबरोबर तुदोसियाचंही नाव वाचलं, पण ती कोण ते कुणाला ठाऊक नाही, म्हणून तिच्यासाठी कुणी रडलं नाही. तिची माफी माग. आणि तिच्या गाव्रिलला, नेकुलाईला आणि तुझ्या बापाला आम्ही सगळ्या गावाने मिळून उत्तम आरोग्य मागितलंय.

पाद्र्याला सांगितलं तर तो भिंतीला धरून हसला. मग म्हणाला, आशीर्वाद दिलेला गहू टाकायचा नाही, ज्यांचं कुणी निजलंय त्यांनी खावा. म्हणून ताट तोदेरबरोबर पाठवतेय. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, तेव्हा काळजी नको.

तुझी मूर्ख आत्या

*

याश, ७ मार्च

झांफिरा आत्या,

रागावलेले नाही. क्रमाने लिहिते.

ताट मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता आलं. मी ते मधल्या कपाटावर ठेवून झाकण काढलं. तुदोसियाबाईंनी मान वळवली. नाव वाचलं.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

त्या बघत राहिल्या. मी तुझं पत्र सबंध मोठ्याने वाचून दाखवलं. नऊच्या नऊ कानांना. "तुदोसिया" आलं तिथे मी थांबले. त्या म्हणाल्या, "वाच की. मीही मेले वाटतं?" मी हो म्हटलं. "आणि माझ्यासाठी कुणी रडलं नाही?" "नाही. त्यांनी माफी मागितली आहे." मग गाव्रिलला आरोग्य मागितल्याचं वाचलं, आणि त्यांच्या तोंडून एक आवाज आला. मला वाटलं त्यांना दुखलं. त्या हसत होत्या. "बरं केलं," म्हणाल्या, "त्याला तेव्हा सर्दी झाली होती. देवाला काय गं, त्याच्याकडून चिठ्ठीच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसत असतील."

मी त्यांना एक चमचा दिला. त्यांनी खाल्ला, आणि म्हणाल्या, "अक्रोड कमी आहेत." मग म्हणाल्या, "मी गाव्रिलचा गहू शिजवला नाही. नवव्या दिवशीचा नाही, कुठलाच नाही. मला आता दिवसही माहीत नाही कितवा आहे."

"उद्या चाळिसावा," मी म्हटलं.

"तुला कसं माहीत?"

"मी मोजतेय."

त्या म्हणाल्या, "मला वाटलं कुणीच मोजत नाहीये." आणि रडल्या. भिंतीकडे तोंड न करता. मी काही बोलले नाही. या वेळी ते सूचनेमुळे नव्हतं.

रात्रीच्या जेवणाआधी आम्ही जखमा साफ करायच्या नव्या चिमट्याने माझ्या नावाचे दाणे उचलले आणि गाव्रिलचं नाव लावलं. जागा तुदोसियाबाई डाव्या हाताने दाखवत होत्या. दाणे पुरले. उरले त्यांची कड केली.

काल सकाळी इस्पितळाच्या प्रार्थनागृहाचे पाद्री आले. अडचण अशी, की "त्याचं स्मरण अखंड राहो" म्हणताना ताट सगळ्यांनी मिळून उचलून झुलवायचं असतं, आणि ज्याचा हात ताटाला पोचत नाही त्याने पुढच्याच्या खांद्याला लावायचा असतो. आमच्यापैकी कुणालाही उभं राहून ताट धरता येत नाही. दोन खाटांमधलं अंतर एक मीटर चाळीस. मी आराखडा काढला. चार खाटांचे ब्रेक काढून पाद्र्यांनी त्या सरकवल्या, दोघींच्या पायाला वजनं लटकवलेली असल्याने त्यांच्या हलल्या नाहीत. ताट तुदोसियाबाईंच्या डाव्या आणि माझ्या उजव्या हातात. माझ्या खांद्यावर स्तेलुत्साबाईंचा हात. तिथून पुढे एक कुबडी, मग एक टॉवेल, मग दुसरी कुबडी. शेवटच्या खाटेवरच्या मुलीच्या मानेला पट्टा आहे, तिला वळता येत नाही, म्हणून तिने कुबडीचं टोक नुसतं चाचपून धरलं.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. "हा हाडांचा वॉर्ड आहे की जत्रा? खाटा कुणी हलवल्या?" मी म्हटलं, मी. दहा मिनिटांत जागेवर लावेन. त्यांनी ताटावरचं नाव पाहिलं, तुदोसियाबाईंकडे पाहिलं, औषधांचा ट्रे खाली ठेवला आणि त्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून साखळीच्या शेवटी उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज फार चांगला आहे.

ताटाचं वजन साधारण तीन किलो होतं. सात जणींनी उचललं तेव्हा ते मला मुळीच लागलं नाही. यात नवल नाही, भार वाटला गेला. तरी नोंद करते.

नंतर सगळ्यांनी "देव त्याला क्षमा करो" म्हणत खाल्लं. तुदोसियाबाईंनी दोन वाट्या खाल्ल्या, आणि दुपारी सूप मागून घेतलं.

अंगेलिनाबाईंना धन्यवाद सांग. अक्रोडाचं सांगू नकोस.

इलिंका

*

पोयाना, ९ मार्च

पोरी,

सांगितलं! मला राहवलं नाही. अंगेलिना संतापलीय. म्हणते, उपासाला बसायच्या आधी त्या बाईला पाव किलो सोललेले अक्रोड पाठवते, सगळे एकदम खाऊन दाखव म्हणावं.

कासांद्रा उठली. तुला फोन करायचं धाडस अजून होत नाही तिला.

आता तुझ्या पायाचं लिही. चार ओळी तरी. मी तुझं पत्र तीनदा वाचलं. सगळ्यांचं लिहिलंयस, तुझं काहीच नाही.

झांफिरा

*

याश, १३ मार्च

झांफिरा आत्या,

तुदोसियाबाईंचं वजन शेहेचाळीस किलो दोनशे ग्रॅम. डॉक्टर हो म्हणाले. ऑपरेशन १५ तारखेला. अक्रोड मिळाले, निम्मे संपले.

माझा पाय ठीक.

इलिंका

*

याश, २८ मार्च

झांफिराबाई,

आपली ओळख नाही, पण तुम्ही मला एकदा मारून झालेलं आहे, तेव्हा परकेपणा नको. प्लास्टर निघालंय, हात अजून थरथरतो, म्हणून अक्षर असं. चष्म्याविना तुम्हाला काही फरक पडणार नाही.

ऑपरेशन नीट झालं. गेल्या आठवड्यात सोमवारी मला उभं केलं. मंगळवारी चालायची चौकट, वॉकर म्हणतात ती, धरून दाराशी गेले, काल वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत. मोठ्या सिस्टर मागून ओरडत होत्या, "हळू, बाई, कुठे आग लागलीय?" अंगेलिनाबाईंना सांगा, अक्रोड चांगले होते. कोलीव्यात कमीच होते.

गाव्रिलची आठवण सकाळी उठल्या उठल्या येते. छातीवर कुणी पोतं टाकावं तशी. पण मग कुणीतरी खिडकी उघडतं, चहा येतो, आणि माझ्या लक्षात येतं की मी चहाची वाट पाहत होते. हे मला कुणी दिलं ते मी विचारत नाही. देणाऱ्याला माहीत आहे.

आता तुमच्या पोरीचं. ती हे पत्र वाचणार नाही, मी तोदेरच्या हातात स्वतः देणार आहे, तिथवर चालत जाऊन.

तिने तुम्हाला "पाय ठीक" लिहिलं, मी पाहिलं. ठीक नव्हता. त्याच आठवड्यात दोन तारांपाशी पू झाला, ताप चढला. हाड वाढवणं थांबवावं लागलं, दुसऱ्या तारा घातल्या. आता ताप उतरलाय, नट परत फिरायला लागलेत, डॉक्टर म्हणतात पाय राहील, फक्त महिनाभर उशीर. तुम्ही घाबरू नका. पण ते सगळं तिने एकटीने काढलं. वॉर्डात डोळ्यांतून टिपूस नाही. रोज साडेचारला कुबड्या घेऊन न्हाणीघरात जायची, नळ मोठा सोडायची आणि आत रडायची. पाण्याच्या आवाजात आम्हाला ऐकू येत नाही असं तिला वाटायचं. नऊ कान आहेत तिथे, झांफिराबाई.

मला पाय फुटले त्या दिवसापासून मी साडेचारला त्या दाराशी जाऊन उभी राहते. बोलत नाही. मला बोलून सांगणारे पुष्कळ भेटलेत. नुसती चौकट धरून उभी, आतलं पाणी थांबेपर्यंत. तिला दाराखालून माझे पाय दिसत असणार.

काल तिने नळ बंद केला, आणि दार उघडलं. नाक लाल. मला म्हणाली, "भिंतीला तीनशे बारा फरशा आहेत. एक सैल आहे."

मी म्हटलं, "दाखव."

मग आम्ही दोघी टबाच्या काठावर बसलो, आणि तिने मला सगळं सांगितलं. पडली तेव्हापासूनचं, एकेक तारखेसकट. सिस्टरने जेवायला हाक मारली तरी संपेना. शेवटी दोघी निघालो, ती कुबड्यांवर, मी चौकटीवर, आणि वऱ्हांड्यात तिने मला मागे टाकलं, झांफिराबाई, वर मागे वळून म्हणाली, "चला की मावशी, सूप गार होतंय!"

तुमची,
तुदोसिया